रील टाकण्याआधी

प्रिय वकीलसाहेब,

सनद हातात आली, आता हाक अशीच मारायला हवी.

रील पाहिल्या. बोलतोस छान, हे आधी सांगून टाकतो. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर कोट-बँड घालून उभा राहतोस आणि खाली मोबाईल नंबरासकट लिहितोस, ‘घटस्फोट असो की चेक बाउन्स, आजच फोन करा.’ ही ओळ आज रात्रीच काढ.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 तू परीक्षेपुरता वाचला असशील. वकिलाने काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही, आडूनसुद्धा नाही. नावाची पाटीही बेताच्याच आकाराची हवी. 2008 मध्ये थोडी मोकळीक मिळाली. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र टाकता येतं, बाकी काही नाही. मार्च 2025 मध्ये कौन्सिलने सोशल मीडियावरच्या जाहिरातबाजीबद्दल पुन्हा बजावलं. तक्रार सिद्ध झाली तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली समजेपासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आणि तक्रार करायला पक्षकारच लागतो असं नाही, बार रूममधला शेजारीही पुरतो.

नियम जुनाट आहे म्हणशील. मलाही तो थोडा जाचकच वाटतो. नव्या पोराला नाव करायला वाव कुठे उरतो? पण बदलेपर्यंत पाळायचा.

खरी काळजी मला तिसऱ्या रीलची आहे. नाव घेतलं नाहीस, पण ‘सासरे निवृत्त शिक्षक, सून नर्स, नवऱ्याचं मेडिकल’ एवढं सांगून बसलास. आपल्या तालुक्यात एवढ्यावर टपरीवरचा पोऱ्यासुद्धा घर दाखवील. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही, काम संपल्यावरही नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 काढून वाच. जुन्या कायद्यात ते 126 होतं. पक्षकार खुशीत ‘टाका की साहेब’ म्हणाला असेल, पण त्या सुनेला कुणी विचारलं?

न्यायाधीशांवरची ती कोपरखळीही काढ. 2020 मध्ये दोन ट्वीट्सवरून सर्वोच्च न्यायालयाने प्रशांत भूषण यांना अवमानासाठी दोषी धरलं आणि एक रुपया दंड केला. त्यांच्यामागे कित्येक वर्षांची वकिली होती. तुला अजून ‘पुढची तारीख द्यावी’ म्हणतानाही घाम फुटतो.

बोलायचंच असेल तर कायदा समजावून सांग. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस. तेवढ्यात त्याने भरले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. कितीतरी दुकानदार ‘देतो, देतो’ ऐकत बसतात आणि मुदत घालवतात. हे साध्या मराठीत सांग, खाली नंबर न देता. ज्याला गरज असेल तो तुझं नाव विचारत येईल. बाकी तुझं नाव शिरस्तेदार, टायपिस्ट आणि समोरचे वकील करतील, तेही तू तारखेला वेळेवर, फाईल वाचून उभा राहिलास तर.

रविवारी सकाळी ऑफिसला ये. कुठल्या रील ठेवायच्या ते बसून ठरवू. येताना सोमवारच्या मनाई अर्जाचं म्हणणं लिहून आण, मागच्यासारखं अर्धवट नको.

तुझा,
सर