चावा जुळत नाही, म्हणून जबडा दुखतो का?

"दात मिटल्यावर एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणजे चावा जुळत नाही, म्हणूनच जबडा दुखतो ना?" हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो, की एकदा लिहावंच म्हटलं. डेंटिस्टनी 'दातांचं विशेष काही नाही, ताण कमी करा' असं सांगून पाठवलेलं असतं, आणि ते मनाला पटलेलं नसतं.

माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या एका बाईंचं असंच होतं. खालचे दात लहानपणापासूनच थोडे वाकडे, दुखणं मात्र अलीकडचं. दर भेटीत दात मिटून दाखवायच्या, "बघा, उजवी दाढ आधी लागते." ती डेंटिस्टकडून घासून थोडी कमी करून घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

मी विचारलं, "खात-बोलत नसताना दात कुठे असतात?"

"एकमेकांवर. आणखी कुठे असणार?"

इथेच मला धागा सापडला. जबडा सैल असताना ओठ मिटलेले, पण दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. मी त्यांना बोटं कानशिलांवर ठेवून मोबाइलवरचे कामाचे मेसेज वाचायला सांगितले. दुसऱ्याच मेसेजला बोटांखालचा स्नायू टचकन फुगला.

"अहो, मी तर काहीच केलं नाही!"

"आणि दिवसातून किती वेळा दात मिटून बघता?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सारखीच."

दुखऱ्या, थकलेल्या स्नायूंमुळे जबडा किंचित वेगळा मिटू शकतो, चावा बदलल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस पुन्हा तपासतो. तपासणं म्हणजे त्याच स्नायूंना पुन्हा काम. मनातलं जुनं काही उकरण्याआधी शरीराची सवय पकडावी, हे माझं ठाम मत. ते इथे खरं ठरलं, याचं समाधान आहे. चावा तपासणं बंद, च्युइंगम बंद, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ठिपका: तो दिसला की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. हळूहळू दुखणं ओसरलं. दाढ घासावी लागली नाही.

तेव्हा चावा जुळवायला घाईने दात घासून कमी करून घेऊ नका. दातांवरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, एकदा गेलं की परत येत नाही. जबडा अडकत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा चावा अचानक बदलला असेल, तर आधी डेंटिस्ट. आणि वरचे दात इतके पुढे असतील की ओठ मिटताना हनुवटी ताणून तिच्यावर खळगे पडतात, तर तिथे दातांची ठेवणच स्नायूंना राबवते आहे. अशांनी माझ्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे-पुढे आलेले दात सरळ करणाऱ्या डेंटिस्टला, भेटावं.