धाकटा बाहेरचे काही खात नाही. थीम पार्कच्या सहलीत जेवायचे कुठे?

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की माझ्या चिपळूणच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात अभ्यास मागे पडतो आणि सुट्टीतल्या सहलीची काळजी पुढे येते. त्यातला एक प्रश्न दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत कानावर पडतो: थीम पार्कला जायचे ठरले आहे, पण लहान मूल बाहेरचे काही खात नाही, आजीचे पथ्यपाणी वेगळे, मोठ्या मुलीला पिझ्झाच हवा, तर सगळ्यांना चालेल असे हॉटेल निवडायचे तरी कसे? ज्या कुटुंबाबरोबर काम करताना या प्रश्नाच्या तळाशी काय असते ते मला सर्वांत स्पष्ट दिसले, त्याचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

आई नोकरी करणारी, वडिलांचे दुकान, ११ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि आजी असे ते घर होते. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका पाहायला मे महिन्यात जायचे त्यांचे ठरले होते. भेटीची वेळ आईने घेतली होती आणि ती एकटीच आली होती. तिने मोबाईलमध्ये चिपळूणपासून खोपोलीपर्यंतच्या खाण्याच्या ठिकाणांची यादी केली होती, प्रत्येकासमोर लोकांनी दिलेले स्टार लिहिले होते, आणि तरीही तिला झोप लागत नव्हती. “मॅडम, एका हॉटेलाबद्दल शंभर लोक चांगले लिहितात आणि खाली एकजण लिहितो की आमच्या मुलाला उलट्या झाल्या. मग मी ते नाव खोडते आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागते,” असे ती म्हणाली.

इतकी मेहनत घेऊनही काळजी हटत नसेल, तर काळजी यादीत नसते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी तिला याआधीची एखादी सहल आठवायला सांगितली. हॉटेल कसे होते हे नव्हे, तर त्या जेवणाच्या वेळी काय काय आणि कोणत्या क्रमाने घडले एवढेच सांगावे, अशी विनंती केली.

तिने महाबळेश्वरची हकीकत सांगितली. सकाळी आठला नाश्ता झाला होता आणि पॉईंट बघता बघता दुपारचे तीन वाजले होते. मधल्या वेळात मुलाने वेफर्सची पुडी संपवली होती. हॉटेलात शिरल्यावर टेबल मिळेपर्यंत थांबावे लागले आणि ऑर्डर यायला आणखी पाऊण तास गेला. पनीरच्या भाजीवर चिरलेली कोथिंबीर भुरभुरलेली पाहून मुलाने ताटली दूर लोटली, तो टेबलाखाली शिरला आणि टेबलाचा पाय घट्ट धरून बसला. वडिलांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. आजी म्हणाल्या, “घरी माझ्या हातचा मऊभात कसा मुकाट्याने खातो.” मुलगी मान खाली घालून जेवत राहिली. उरलेले अन्न बांधून घेतले, ते रात्री खोलीवर तसेच राहिले आणि सकाळी टाकून द्यावे लागले; त्यावरून नवरा-बायकोचे पुन्हा वाजले.

या हकिकतीत हॉटेलचा दोष फारसा नाही. सात तास पोटात नीट अन्न नाही, त्यात वेफर्सने भूक मोडलेली, वर पाऊण तासाची वाट आणि मग अनोळखी दिसणारा पदार्थ, अशा स्थितीत ५ वर्षांच्या मुलाने दुसरे काय करायला हवे होते? साधारण २ ते ६ वर्षांच्या वयात अनोळखी अन्नाबद्दलचा नकार सर्वांत तीव्र असतो आणि तो बहुतेक मुलांत वाढीचाच एक भाग असतो. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो मुलासमोर ८ ते १५ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, आग्रह न करता यावा लागतो, असे या विषयावरचा अभ्यास सांगतो. सहलीतल्या एका दुपारी ते काम उरकत नाही. तरीही घरी ज्या मुलाला आपण रोज तेच तेच वाढतो, त्याने प्रवासात मात्र सगळे चाखून पाहावे अशी आपली अपेक्षा असते, कारण प्रवासात पैसे मोजलेले असतात आणि पाहणारे लोक असतात. आईला भीती वाटत होती ती मुलगा उपाशी राहण्याची कमी आणि पुन्हा एकदा चारचौघांत आपली परीक्षा होण्याची अधिक. सासूबाईंचे ते एक वाक्य तिने सहा महिने मनात धरून ठेवले होते.

पुढच्या भेटीला मी नवरा आणि सासूबाईंनाही बोलावले. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ आणि कौटुंबिक समुपदेशक एलिन सॅटर यांनी जेवणाच्या जबाबदारीची जी वाटणी सांगितली आहे, ती मी त्यांच्यापुढे ठेवली: काय वाढायचे, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे, वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे. वडिलांना हे पटले नाही. “पानात टाकायचे नाही, असेच आम्ही वाढलो,” असे ते म्हणाले, आणि कोकणातल्या घरात हे संस्काराचे बोलणे आहे, त्याला हसण्यात अर्थ नाही. त्यावर तोडगा असा निघाला की मुलासाठी वेगळी ताटली मागवायचीच नाही. त्याने आईच्या ताटातले घ्यावे, म्हणजे टाकण्याचा प्रश्न येणार नाही आणि त्याला जबरदस्ती करण्याचे कारणही उरणार नाही.

सासूबाई सुरुवातीला काही बोलेनात. “माझे काय, मी दहीभातावर भागवीन,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. सर्वांत कमी मागणाऱ्या माणसाच्या गरजेवर सहलीतले जेवण सर्वांत आधी अडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून मी ठरलेली तारीख विचारली आणि भिंतीवरचे कालनिर्णय काढून मुलाच्या वडिलांच्या हातात दिले. त्या दिवशी संकष्टी होती. सासूबाईंना ते पहिल्यापासून माहीत होते. रात्री चंद्रोदयापर्यंत उपवास धरून त्या दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीच्या शोधात फिरणार होत्या आणि कोणाला अडचण नको म्हणून गप्प बसल्या होत्या. मुलाचे वडील काही क्षण पान बघत राहिले, मग तारीख दोन दिवस पुढे ढकलू म्हणाले. माझ्या मते त्या कुटुंबाच्या नियोजनातला तो सर्वांत महत्त्वाचा बदल होता, हॉटेलच्या यादीला तोवर आम्ही हातही लावला नव्हता.

त्यानंतर यादी उघडली, आणि ती आता चटकन लहान झाली, कारण निवडीचा निकष बदलला होता. उत्तम पदार्थ कुठे मिळतात हा प्रश्न बाजूला ठेवून, घरातला सर्वांत लवकर थकणारा माणूस थकण्याच्या आधी कुठे बसता येईल, हे आम्ही पाहिले. पाटीवर ‘फॅमिली’ लिहिले आहे म्हणून ते ठिकाण कुटुंबासाठी सोयीचे असे मानण्याचे कारण नाही. महामार्गावर परमिट रूमच्या शेजारी पडदा ओढलेल्या खोलीवरही तीच पाटी लावलेली आढळते. त्याऐवजी फोन करून नेमके प्रश्न विचारावेत: साधा पांढरा भात आणि दही स्वतंत्र मिळेल का, तिखट न घातलेले वरण मिळेल का, गर्दीच्या वेळी ऑर्डरला किती वेळ लागतो, लहान मुलाची उंच खुर्ची आहे का, स्वच्छतागृह किती जवळ आहे. या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारे साधे ठिकाण, ‘या हो, सगळे मिळेल’ म्हणणाऱ्या मोठ्या ठिकाणापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

चिपळूणहून खोपोली पेणमार्गे सुमारे २०० किलोमीटर पडते. महामार्गाच्या कामाची रड कोकणात कोणाला सांगायला नको, त्यामुळे ‘एक वाजता अमुक गावी जेवू’ असे ठरवण्यात अर्थ नव्हता. परशुराम घाट आणि त्यापुढचा रस्ता तेलकट नाश्ता करून चढू नये, हे आजींनीच सुचवले. घरून मेतकूट-मऊभात आणि ताक घेऊन निघायचे, मोठ्यांनी महाड किंवा माणगाव येथे जिथे जेवणाची वेळ होईल तिथे थांबून खायचे, आणि मुक्काम आदल्या रात्री खोपोलीत करायचा असे ठरले. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वडिलांना अनाठायी वाटत होता. पण पाच तासांचा प्रवास करून थेट उद्यानात शिरलेले मूल दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही, हे महाबळेश्वरच्या आठवणीने त्यांना लगेच पटले.

उद्यानाच्या आतली गणिते वेगळी असतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास अशा उद्यानांत सहसा मनाई असते. तान्ह्या बाळाच्या अन्नाला किंवा वैद्यकीय पथ्याला सवलत मिळते का ते आधी विचारून घ्यावे, आणि ५ वर्षांच्या मुलाच्या डब्याला ती लागू होईल असे गृहीत धरू नये. मोठ्या राईड्सना उंचीची अट असल्यामुळे कुटुंब आपोआप दोन भागांत विभागले जाते: वडील आणि मुलगी रांगेत, आई, आजी आणि धाकटा लहान मुलांच्या खेळांपाशी. राईडवर मोबाईल बरोबर ठेवता येत नाही, म्हणून ‘झाले की फोन करतो’ हा बेत तिथे फसतो. भेटण्याची वेळ आणि जागा सकाळीच पक्की करावी, आणि ती जागा लहान मुलांच्या खेळांजवळच्या उपाहारगृहात असावी. या कुटुंबाने जेवणाची वेळ पावणेबारा ठरवली. एक ते अडीच ही गर्दीची वेळ टाळली की निम्मा त्रास वाचतो, शिवाय जेवणानंतर गरगर फिरणाऱ्या राईडपूर्वी तासभर सावलीत बसायला सवड मिळते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा येत नाही. थीमप्रमाणे सजवलेली उपाहारगृहे मोठ्यांना फोटोसाठी आवडतात, पण मंद दिवे, मोठे संगीत आणि मुखवटे घातलेली माणसे यांनी काही लहान मुले बिथरतात आणि मग घास तोंडात जात नाही. आपले मूल त्यातले असेल तर जेवण साध्या, उजेडाच्या जागी करावे आणि सजावटीची जागा नंतर आइस्क्रीमपुरती पाहावी. मुलीला त्या सजवलेल्या जागेत पिझ्झा खायचा होता. दिवसातले एक खाणे पूर्णपणे तिच्या पसंतीचे, हे आम्ही लिहूनच ठेवले, कारण धाकट्याच्या खाण्याभोवती सगळे घर फिरू लागले की मोठ्या मुलाच्या वाट्याला फक्त समजूतदारपणा येतो.

बिलाबद्दलही बोलणे झाले. जेवणासाठी किती रक्कम ठेवायची ती घरीच ठरवली आणि पैसे आईने द्यायचे असे ठरले, जेणेकरून प्रत्येक बिल पाहून वडिलांच्या कपाळावर आठी चढायला नको. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक सूचना आहे. ते लावलेले दिसल्यास शांतपणे काढून टाकण्यास सांगावे, पण तो वाद मुलांच्या ताटावर घालू नये, एवढे मी सुचवले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मूल घरीही मोजकेच चार-पाच पदार्थ खात असेल, विशिष्ट पोताच्या अन्नाने त्याला ओकारी येत असेल, वजन वाढत नसेल, तर तो हॉटेल निवडण्याचा विषय नाही. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला २०१३ साली मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्यासाठी आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. शेंगदाणा किंवा मासे यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ हवे, आणि स्वयंपाक करणाऱ्याशी थेट बोलल्याशिवाय काही मागवू नये. या मुलाचे तसे काही नव्हते. घरी तो घावन, कुळथाचे पिठले, भात आणि तळलेला बांगडाही आवडीने खात असे.

सहल झाल्यावर ते सगळे एकत्र भेटायला आले. दुपारी मुलाने दहीभात आणि पापड एवढेच खाल्ले, ताईच्या पिझ्झ्याचा एक कोपरा कुरतडून परत ठेवला, आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. परतीच्या वाटेवर वडखळला वाहतूक कोंडीत अडकल्यावर सर्वांनी बिस्किटांवर भागवले, वडील चिडले, आईही चिडली. आजींनी मात्र त्याआधी पेणला पोह्याचे पापड घ्यायला गाडी थांबवायला लावली, स्वतःहून, आणि सूनबाई म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी प्रवासात काहीतरी मागितले.

मुलाच्या नव्या पदार्थांना नकार देण्यावर आम्ही जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर वेगळे काम हाती घेतले. त्याची सुरुवात घरच्या ताटात आवडीच्या भाताशेजारी चमचाभर एक नवीन भाजी वाढण्याने झाली, ती खाल्ली की नाही हे कोणी विचारायचे नाही या अटीवर. आणि ती अट पाळणे मुलापेक्षा आजींना अधिक जड गेले.