क्रिकेट आणि गाणी वाचायला महिना दहा डॉलर कशाला?

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, सांगलीत राहतो. यूझनेटवरचे (म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरचे) दोन ग्रुप, क्रिकेटचा 'रेक.स्पोर्ट.क्रिकेट' आणि जुन्या हिंदी गाण्यांचा 'रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क', मी पंधरा वर्षं गूगल ग्रुप्समधून वाचत होतो. फेब्रुवारी 2024 पासून तिथे नवीन काही येत नाही. ह्यूस्टनला असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, महिना दहा डॉलरचा सर्व्हर घेऊन देतो, पाच हजार दिवसांचं रिटेन्शन आहे." मोफत सर्व्हरही असतात असं ऐकलं. मोफत घेतला तर माझं काही हुकेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुलाला सांगा, पैसे राहू देत. तुमचे दोन्ही ग्रुप निव्वळ मजकुराचे आहेत आणि ते मोफत सर्व्हरवर नीट वाचता येतात.

मोफत म्हटलं की माल हलका असणार, अशी शंका आपल्या मनात येतेच. यूझनेटच्या बाबतीत ती का लागू नाही, ते सांगते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी 1979 मध्ये याची कल्पना मांडली, तेव्हापासून याला एक मालक नाही की एक मुख्य यंत्र नाही. तुम्ही तुमच्या सर्व्हरवर पोस्ट टाकलीत की तो ती शेजारच्या सर्व्हरांना देतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. दहा डॉलर मोजणारा माणूस आणि काहीच न मोजणारा माणूस क्रिकेटची एकच चर्चा वाचत असतात. गूगलने 22 फेब्रुवारी 2024 रोजी बंद केलं ते आपलं दार. आतली बैठक चालूच आहे.

मग लोक पैसे कशाचे देतात? याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालेलं नाही. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका संस्थेत न्यूज सर्व्हर, म्हणजे यूझनेटच्या पोस्टी घेणारा आणि साठवणारा संगणक, माझ्याकडे होता. त्या वेळी आलेली प्रत्येक पोस्ट डिस्कवर एक स्वतंत्र फाइल म्हणून पडायची. त्या साठ्याला आम्ही स्पूल म्हणायचो. रोज रात्री 'एक्स्पायर' नावाचा प्रोग्राम चालायचा आणि मुदत संपलेल्या पोस्टी पुसून टाकायचा. गप्पांच्या ग्रुपांना मी चौदा दिवसांची मुदत दिली होती. 'ऑल्ट.बायनरीज'ला, म्हणजे जिथे चित्रं आणि प्रोग्राम अक्षरांत रूपांतर करून, तुकडे तुकडे करून टाकले जात, दोन दिवसांची. तरीही सकाळी कामावर येऊन बघावं तर डिस्क भरलेली आणि बाकीच्या ग्रुपांत रात्रीपासून एकही पोस्ट शिरलेली नाही. शेवटी मी साहेबांकडे जाऊन बायनरीज पूर्ण बंद करण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवसापासून त्याच डिस्कवर गप्पांचे ग्रुप महिनाभर टिकायला लागले.

तो हिशेब आजही तसाच आहे, फक्त आकडे अफाट वाढलेत. यूझनेटवर आज दिवसाला शेकडो टेराबाइट माल येतो, आणि तो जवळजवळ सगळा बायनरीज. तो वर्षानुवर्षं साठवायचा म्हणजे डिस्कांची गोदामं लागतात, त्यांचं भाडं कोणीतरी द्यायलाच हवं. मुलाने सांगितलेलं पाच हजार दिवसांचं रिटेन्शन म्हणजे तो माल सर्व्हरवर किती दिवस राहतो त्याचा आकडा. वेग आणि एका वेळी किती जोडण्या, या जाहिरातींतल्या बाकीच्या गोष्टीही मोठ्या फायली उतरवणाऱ्यांसाठीच असतात. त्यातला पुष्कळ माल चोरीचे सिनेमे आणि सॉफ्टवेअर असतो, हेही मुलाच्या कानावर घाला. गाण्यांची चर्चा वाचायला त्यातलं काहीच लागत नाही.

तुम्ही 'इटर्नल सप्टेंबर' हा मोफत सर्व्हर घ्या. फक्त मजकुराचे ग्रुप ठेवतो, ईमेल देऊन नोंदणी करावी लागते. नावामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं यायची, यूझनेटवर गोंधळ घालायची आणि महिनाभरात जुन्यांकडून रीतभात शिकायची. 1993 नंतर घरगुती इंटरनेट कंपन्यांनी दारं उघडली, नवख्यांचा लोंढा थांबेना, म्हणून जुने लोक म्हणाले, हा सप्टेंबर आता संपणारच नाही.

मोफत सर्व्हर चालवणाऱ्याला एक दिवस ते झेपेनासं होईल, ही भीती खरी आहे. मी स्वतः म्हणून जोडीला 'इंडिव्हिज्युअल.नेट' ठेवते. बर्लिनच्या विद्यापीठात उभा राहिलेला हा सर्व्हर 2005 पर्यंत मोफत होता, मग त्यांनी वर्षाला 10 युरो घ्यायला सुरुवात केली. महिन्याला नव्हे, वर्षाला. मुलाला भेट द्यायचीच हौस असेल तर ही द्यायला सांगा.

महिनेवारी योजनेचा मला एकदा फटका बसलाय. एका कंपनीचा पहिला महिना स्वस्तात घेतला, कार्डाचा नंबर दिला, आणि पुढचे सात महिने पूर्ण दराने पैसे कापले जात होते ते मला स्टेटमेंट बघितल्यावर कळलं. पुढेमागे बायनरीज लागल्याच तर 'ब्लॉक' घ्या. एकदाच पैसे देऊन ठरावीक गीगाबाइट विकत घ्यायचे. बहुतेक ठिकाणी त्यांना मुदत नसते, पण घेण्याआधी तेवढं वाचून बघा.

आता जोडणी. थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम उतरवून घ्या, त्यात न्यूजग्रुपचं खातं उघडता येतं. सर्व्हरचं नाव 'न्यूज.इटर्नल-सप्टेंबर.ऑर्ग', पोर्ट 563, सुरक्षा एसएसएल, म्हणजे पासवर्ड सांकेतिक होऊन जातो. साधा पोर्ट 119 आहे, त्यावरून पासवर्ड उघडा जातो, तो नको. सर्व्हरने दर वेळी ओळख विचारावी, ही खूण सेटिंगमध्ये करायला विसरू नका. ती राहिली की ग्रुपांची यादी अर्धवट दिसते आणि माणसाला वाटतं सर्व्हरच खराब आहे. जुनी चर्चा शोधायची असेल तर गूगलवरचा 2024 पर्यंतचा साठा अजून वाचता येतो. गाण्यांचे शब्द आयट्रान्स पद्धतीने रोमन अक्षरांत लिहून काढलेल्या त्या नव्वदच्या दशकातल्या पोस्टी तिथेच मिळतील.

इतकी वर्षं तुम्ही फक्त वाचलंत. आता लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, या ग्रुपांना लिहिणारी माणसं हवी आहेत. मात्र पोस्टीवर आपला रोजचा ईमेल पत्ता घालू नका. एकदा शेजारच्या सर्व्हरांवर गेलेली पोस्ट परत बोलावता येत नाही. आणि पहिली पोस्ट 'ऑल्ट.टेस्ट'मध्ये टाका. तो ग्रुप त्यासाठीच आहे, तिथे नुसतं 'नमस्कार, सांगलीहून' लिहिलं तरी चालतं.