बत्तीस बोअर : प्रश्न परवानाधारकांचे

मागच्या अंकात रिव्हॉल्व्हरच्या साफसफाईवर चार ओळी छापल्या आणि पत्रांची रीघ लागली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, ती का ते सांगायला नको.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना आहे. पगाराची रोकड आणावी लागते. नुकताच परवाना मिळाला. मेहुणे म्हणतात, नाइन एमएमच घ्या, बत्तीस म्हणजे खेळणं. रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल? (सोलापूर)

मेहुण्यांना नमस्कार सांगा, पण नाइन एमएमचा विषय इथेच संपला. ते प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, तुमच्या परवान्यावर मिळणार नाही. .३८ चंही तेच. संरक्षणासाठी हाती बहुधा .३२ च उरतं, आणि त्यातही मुख्य काडतुसं दोन. रिव्हॉल्व्हरचं ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ १८९६ चं. त्याची ९८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप) शिशाची गोळी सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने सुटते. पिस्तुलाचं ‘.३२ एसीपी’ १८९९ मध्ये ब्राउनिंगच्या पिस्तुलासाठी आलं. त्याची गोळी ७१ ग्रेनची, वेग २७५ मीटरच्या आसपास. हिशेब मांडला तर एकीकडे दीडशे ज्यूल, दुसरीकडे पावणेदोनशेच्या आत. नाइन एमएम याच्या अडीच-तीनपट असतं हे खरं, पण या दोघांत ताकदीवरून निवड करण्यासारखं काही नाही. निवड हातावरून करा.

वर्षाला पंचवीस-तीस गोळ्यांपेक्षा जास्त सराव होणार नसेल, तर आमचा कौल रिव्हॉल्व्हरला. एखादी गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरून पुढचं घर, म्हणजे काडतुसाचा कप्पा, समोर येतं. पिस्तुलात त्याच वेळी दुसऱ्या हाताने स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकणारं कवच, मागे खेचून न फुटलेलं काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. शिवाय बत्तीसच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. मागचा धक्का केवळ स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग तोलून धरतात, म्हणून ती स्प्रिंग चांगलीच कडक असते. दुकानात रिकामं पिस्तूल घ्या, हाताला थोडं तेल लावा आणि स्लाइड दहा वेळा खेचून पाहा. आठव्या वेळी बोटं घसरली तर उत्तर मिळालं. पिस्तुलाची बाजू म्हणाल तर ते चपटं असतं, कपड्याखाली कमी दिसतं, आणि मॅगझिन बदलायला वेळ लागत नाही. सराव करणाऱ्याने ते जरूर घ्यावं.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम. कमरेला हलकं, पण जे कमरेला हलकं ते मनगटाला जड. धक्का जास्त बसतो आणि दुसरी गोळी नेमावर आणायला उशीर होतो. २०२३ चं ‘प्रबल’ रिकामं असताना ६७५ ग्रॅम भरतं, नळी ७६ मिलिमीटर, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. नवी खरेदी असेल तर आम्ही बाजूला उघडणारंच सुचवू. मध्यातून मोडणाऱ्या, म्हणजे बिजागरीवर वाकून उघडणाऱ्या, बनावटीत सगळा भार वरच्या खटक्यावर येतो आणि तो वर्षानुवर्षं झिजत जातो. ‘प्रबल’चा पल्ला ५० मीटर सांगतात, ते मात्र फार मनावर घेऊ नका. गोळी तिथवर जाते, नेम जात नाही. पुढच्या-मागच्या माशीत (नेम धरायच्या खुणांत) १२ सेंटिमीटर अंतर धरलं आणि माशी एक मिलिमीटर चुकली, तर १० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटर सरकते आणि ५० मीटरवर ४२. सराव ७ ते १० मीटरवर करा.

वडिलांकडून आलेलं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, मध्यातून मोडणारं. परवाना माझ्या नावावर झाला आहे. सहातल्या दोन गोळ्या फुटत नाहीत, नुसती टिचकी वाजते. ओळखीचा वेल्डिंगवाला म्हणतो, स्प्रिंग बदलून देतो. (बार्शी)

वेल्डिंगवाल्याचं नाव आधी डोक्यातून काढा. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे तोही अडकेल आणि शस्त्र सोपवल्याबद्दल तुम्हीही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

पण त्याआधी दोष काडतुसात आहे की शस्त्रात, हे तुम्हीच ठरवू शकता. सराव रेंजवर जा. सिलिंडरच्या सहा घरांवर मार्करने एक ते सहा आकडे घाला. टिचकी वाजली की नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कारण कधी कधी बार उशिराने उडतो. मग काडतूस काढून बुडाची टोपी, म्हणजे प्रायमर, पाहा. खळगा खोल आणि मधोमध असेल तर काडतूस खराब. खळगा उथळ असेल तर घोड्याचा, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या मागच्या हातोडीचा, मार कमी पडतो. खळगा कडेला असेल तर घर नळीसमोर नीट येऊन थांबत नाही, आणि अशा रिव्हॉल्व्हरने पुढची एकही गोळी झाडू नका. गोळी नळीच्या तोंडावर घासून शिशाचे तुकडे बाजूला उडतात. तेच काडतूस दुसऱ्या माऱ्याला फुटलं तर प्रायमर पूर्ण बसलेला नव्हता किंवा पहिला मार अर्धवट होता. प्रायमर कडेपेक्षा वर आलाय का, हे भरतानाच बोटाने चाचपून कळतं.

बिघाड कायम तीन नंबरच्या घरातच होत असेल तर ते घर घाण आहे, किंवा रिकामी काडतुसं उचलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकलेत. चांदणी वर उचलून कोरड्या टूथब्रशने खालची जागा झाडा. हातशिलाईच्या सुईच्या टोकाएवढा कणही काडतुसाला पूर्ण बसू देत नाही आणि सिलिंडर जड फिरतं. बिघाड कधी या घरात, कधी त्या घरात होत असेल तर संशय घट्ट झालेल्या जुन्या तेलावर, घोड्याच्या स्प्रिंगवर आणि खटक्यावर. घोडा हाताने चढवून बार केला की फुटते पण नुसता चाप ओढून फुटत नाही, असं असेल तर स्प्रिंग थकली आहे. अनेक रिव्हॉल्व्हरांत चापाने उचललेला घोडा थोडं कमी अंतर मागे जातो, त्यामुळे मार आधी तिथेच कमी पडतो.

खटक्याची परीक्षा सोपी. रिकामं रिव्हॉल्व्हर बंद करा, मूठ एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून वर-खाली हलवा. जाणवण्याइतकी कटकट होत असेल तर बार करताना सांधा उघडतो आणि प्रायमर घोड्यापासून लांब जातो. तिथे नवी स्प्रिंग घालून काही साधत नाही. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्यायला सांगा. ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. स्प्रिंग ही इंग्रजी व्ही आकाराची पट्टी असेल तर पकडीने दाबून काढायला जाऊ नका, कोपऱ्यात तडकते.

आणखी एक. मोडताना नळी जमिनीकडे ठेवायची सवय असेल तर एखादी रिकामी पुंगळी चांदणीखाली सरकते आणि रिव्हॉल्व्हर ना उघडत ना मिटत. नळी आकाशाकडे वळवून झटक्यात मोडा, पुंगळ्या आपसूक खाली पडतात.

दुकानात रिव्हॉल्व्हरची काडतुसं संपली होती. पिस्तुलाचं बत्तीस माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊन बसतं. चालेल का? (मोहोळ)

बसतं, कारण एसीपीच्या बुडाला थोडी कड आहे. चालणार मात्र नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दाबाचं माप), एसीपीचा २०,५००. जुन्या मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा खटका या फरकानेच सैल होतो. परवान्यावर कोणतं काडतूस लिहिलंय, तेही पाहा.

बत्तीसचं पिस्तूल घेतलं. मॅगझिन पूर्ण भरलं की दोन-तीन गोळ्यांनंतर अडकतं. पुढचं काडतूस नाक खाली करून तसंच उभं राहतं, स्लाइड त्याला ढकलूच शकत नाही. (पंढरपूर)

पिस्तुलाला दोष देण्याआधी मॅगझिन काढून वरून पाहा. एसीपीच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की ते पुढे सरकतच नाही. जोर लावून स्लाइड आपटलीत तर जास्त रुततं. मॅगझिन काढा, वरचं काडतूस मागून अंगठ्याने उचलून सोडवा. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली का, हे डोळ्याने पाहा, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच थोपटा. आखूड, पोकळ नाकाच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा मिळते म्हणून ती जास्त अडकतात. पूर्ण लांबीची, तांब्याच्या वेष्टणाची गोल नाकाची वापरा. तरीही अडकलं तर मॅगझिनचे ओठ वाकलेत. पकडीने सरळ करत बसू नका, नवं मॅगझिन घ्या.

शेतावर जा-ये मोटारसायकलवर असते, मेच्या उन्हात नेहरू शर्ट आणि पायजमा. शस्त्र ठेवावं कुठे? (मंगळवेढा)

पायजम्याच्या नाडीत नक्की नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे पँट आणि ताठ पट्टा आलाच, रुंदी निदान ३५ मिलिमीटर. जागा उजव्या कमरेवर, खिशाच्या शिवणीच्या जरा मागे. पाठीच्या मध्यावर ठेवून गाडीवरून पडलात तर कणा आणि लोखंड एकमेकांना भेटतात.

होल्स्टरने चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे. चपला शिवणाऱ्याकडून मऊ कातड्याचं करून घेण्याचा मोह आवरा. त्याचं तोंड घामाने मऊ पडून आत दुमडतं, आणि शस्त्र खोचताना तीच घडी चापावर बसते. रिव्हॉल्व्हर परत ठेवताना अंगठा घोड्यावर असू द्या; चाप दाबला जात असेल तर घोडा उचलल्याचं अंगठ्याला आधी कळतं. घोडा अडवणारी आतली पट्टी नसलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवा, पाचच गोळ्या भरा.

रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवून झोपू नका. कातड्यातला घाम आणि कमावण्याचे क्षार एका पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके उठवतात. गाडीच्या डिकीत तर नकोच. उन्हात गोळ्या आपोआप उडत नाहीत, पण रोजच्या भट्टीत दारू खराब होते, आणि डिकी उचकटायला कितीसा वेळ लागतो?

चाप फार जड आहे. घासून हलका करून मिळतो का? नळीही जरा आखूड केली तर खिशात मावेल. (सोलापूर)

नळीचं उत्तर एका ओळीत: नळी आखूड करणं हा कलम ६ चा गुन्हा आहे. चापाबद्दल सांगायचं तर घोडा जिथे अडकतो ती खाच वरवर कठीण केलेली असते. कानस तो कठीण थर काढून टाकते. महिनाभर चाप लोण्यासारखा चालतो, मग खाच गोलावते आणि चढवलेला घोडा धक्क्याने सुटतो. आधीच कोणी घासलंय का हे पाहायचं असेल तर शस्त्र रिकामं करून घोडा चढवा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे दाबा. सुटला तर ते शस्त्र बंद पेटीत जाऊ द्या, दुरुस्तीनंतरच बाहेर काढा. स्प्रिंगचे वेढे कापणाऱ्यांना वरचं बार्शीकरांचं पत्र वाचायला द्या.

जड वाटणारा चाप बऱ्याचदा लांब असतो. मूठ जाड असली की बोटाचं टोकच कसंबसं पोचतं. मुठीच्या लाकडी फळ्या बदलून पातळ घ्या, बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापावर बसली की निम्मं वजन गेल्यासारखं वाटतं. उरलेलं सरावाने जातं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, घरांत नकली काडतुसं भरून, रोज दहा मिनिटं. .२२ वर मात्र रिकामा घोडा पाडू नका, पिन घराच्या कडेवर आदळून चेपते.

भावाच्या वरातीत हवेत दोन बार काढले तर? परवाना आहे. (अक्कलकोट)

२०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर परवानाही जाईल. डीजे लावा.

साफ करायला कापड कोणतं? घरी टॉवेलच टॉवेल आहेत! (सोलापूर)

सोलापूरकरांची अडचण कळते, पण टेरी टॉवेल नको. त्याचे तंतू चांदणीखाली आणि फायरिंग पिनच्या भोकात अडकतात, आणि मग वर लिहिलेली टिचकी वाजते. जुन्या धोतराचे तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन कापून डब्यात ठेवा.

बार केला त्याच दिवशी, शस्त्र रिकामं असल्याचं दोनदा पाहून, नळीत सॉल्व्हंट लावा आणि दहा मिनिटं थांबा. पितळी ब्रश शक्यतो मागून पुढे दहा वेळा पूर्ण आरपार न्या, नळीच्या मध्यात उलटा फिरवू नका. मग कोरडे चौकोन, पांढरे निघेपर्यंत. करडी रेघ येत राहिली तर शिसं उरलंय. पिस्तुलाच्या नळीतून हिरवट-निळा डाग आला तर तांबं. शेवटी बिजागरी, खटका आणि सिलिंडरचा दांडा यांना एकेक थेंब तेल पुरे. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ जास्तीच्या तेलात मिसळली की तिची पेस्ट होते. सिलिंडरची घरं मात्र कोरडी ठक्क पुसा, कारण तेल प्रायमरमध्ये झिरपलं की काडतूस मुकं होतं, आणि तेलकट घरात पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागच्या पाटीवर येतो.