बुरशी कार्बन हवेत सोडते की साठवते?

प्रश्न : दर पावसाळ्यात मी येऊरला जातो. पडलेल्या ओंडक्यांवर बुरशी उगवते आणि काही वर्षांत ओंडक्याचा भुगा होतो. लाकूड कुजलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असं शाळेत शिकलो. मग बुरशीमुळे जंगलात कार्बन साठतो असंही म्हणतात, ते कसं?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. ओंडक्यातला बराचसा कार्बन हवेतच जातो. पण ही झाली लाकूड कुजवणारी बुरशी. दुसरी मातीत राहते. ती येऊरच्या सागाच्या बारीक मुळांत शिरते, बाहेर तंतू पसरवते, झाडाला फॉस्फरस आणून देते आणि त्याच्याकडून साखर घेते. ती साखर म्हणजे पानांनी हवेतून घेतलेला कार्बन. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरातल्या वनस्पती अशा बुरशींना वर्षाला सुमारे 13 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन पुरवतात. हा पुरवठा झाला; त्यातला बराच श्वसनात परत जातो.

मग टिकतं काय? तंतू मरतात, त्यांच्यावर जगणारे जिवाणू मरतात, आणि त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या संयुगांना घट्ट चिकटतात. काही ढेकळांच्या आत कोंडले जातात. तिथे कुजवणारी विकरं (एन्झाइम) सहज पोचत नाहीत, म्हणून तो कार्बन दशकानुदशकं, काही वेळा शतकानुशतकं राहतो. आपल्या दमट उन्हाळी हवेत पाचोळा भराभर कुजतो, त्यामुळे बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या मातीची ही पकड मला फार मोलाची वाटते. स्वीडनच्या थंड भागातल्या, जंगल असलेल्या बेटांवरही 2013 च्या अभ्यासात मातीतल्या साठ्यातला 50 ते 70 टक्के कार्बन मुळं आणि त्यांच्या सोबतच्या बुरशींकडून आलेला आढळला.

म्हणूनच वृक्षारोपणासाठी जेसीबीने उतार उकरलेले पाहिले की जीव तुटतो. ढेकळं फुटतात, तंतू तुटतात, कोंडलेला कार्बन जिवाणूंना मोकळा मिळतो. रोपं लावायचीच तर लहान खड्डे हातानं खणावेत आणि आजूबाजूची जमीन तशीच राहू द्यावी. सोसायटीतला पालाही जाळू नका, झाडाखालीच पसरा.

येऊरला पाचोळ्याखाली पांढरे धागे दिसतील, ते बहुधा कुजवणाऱ्या बुरशीचे. सागाच्या मुळांतली बुरशी पाहायची तर मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे मात्र काही उकरू नका. घराजवळच्या कुंडीतल्या मक्याच्या मुळांतही तीच जात-बिरादरी सापडते.