बाळाला पाजायला घेतलं की मधला अंगावर चढतो

ताई, माझं तिसरं बाळ तीन आठवड्यांचं आहे. थोरली सहा वर्षांची, मधला अडीच वर्षांचा. बाळाला पाजायला बसले की मधला पाणी सांडतो, नाहीतर पाठीवर चढतो. काल त्याला धपाटा घातला आणि मग दोघंही रडत बसलो. मला तर रोजच रडू येतं. संध्याकाळी बाळ दोन-दोन तास सोडत नाही. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर. नवरा म्हणतो, पाजायचं काम तुझंच, मी काय करणार? परवा मधलाही दूध प्यायला तोंड लावायला आला. मी त्याला ढकललं. काय करू? – तीन लेकरांची आई

बाई गं, आधी दुधाचं बोलू. एवढ्या लहान बाळानं चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणं, संध्याकाळी तर सोडून सोडून सारखं पीत राहणं, हे नेहमीचं आहे. बाळ जितकं ओढतं, तितकं दूध तयार होतं. पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नकोस, लंगोटांवरून ठरव. दिवस-रात्रीत निदान ६ लंगोट चांगले ओले होतात का? शू फिकी आहे का? जन्मावेळचं वजन भरून निघालंय का? या वयापर्यंत ते भरून निघायला हवं. तसं नसेल तर आजच डॉक्टरांना दाखव. असेल, तर सासूबाईंना शांतपणे सांग की वजन वाढतंय. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले ६ महिने फक्त आईचंच दूध द्या असं सांगते. मध्येच वरचं सुरू केलं की बाळ तेवढं कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होत जातं.

शिवाय वरच्या दुधानं मधल्याचा प्रश्न सुटणार नाही. त्याचा राग दुधावर नाहीच, मांडी अडली आहे यावर आहे. बाटलीनं पाजायलाही बाळाला मांडीवर घ्यावंच लागतं. वर बाटल्या धुवा, उकळा, तो वेळ वेगळाच.

म्हणून खुर्ची सोड. जमिनीवर गादी टाक, भिंतीला पाठ टेकव. बाळाचं डोकं डाव्या कोपराच्या खोबणीत घे आणि कोपराखाली उशी सरकव, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. त्या बाजूला मधल्याला टेकून बसव. पुस्तकाची पानं त्यानं उलटायची, तू वाचायचं. पाजतानाच बाहेर येईल असा खेळण्यांचा एक डबा ठेव, एरवी तो त्याच्या हाती लागू देऊ नकोस. बाळ मूठ चोखायला लागलं, तोंड इकडेतिकडे वळवायला लागलं, की ती भुकेची वर्दी समज. रडू फुटण्याआधी दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात मधल्याची शू आणि पाणी उरकून घे. खोलीचं दार लावून घे, म्हणजे तुला उठून त्याच्यामागे धावावं लागणार नाही.

आणखी एक कर. बाळ शांत असेल तेव्हा मधल्याच्या देखत त्याला म्हण, "थांब हं बाळा, आधी दादाचं ऐकते." दिवसभर 'थांब' फक्त त्यालाच ऐकावं लागतं, ते एकदा बाळाच्या वाट्याला गेलेलं त्यानं पाहू दे. थोरलीकडून दुपटं मागवलंस तर हरकत नाही, पण मधल्याला सांभाळायचं काम तिच्या गळ्यात घालू नकोस. ती सहा वर्षांचीच आहे.

हा भाग नवऱ्याला वाचून दाखव. पाजणं सोडून बाकी सगळं त्याला करता येतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मोठ्या दोघांना भरवणं, अंघोळ घालणं, झोपवणं. संध्याकाळचे ते दोन तास मोठी दोघं त्याचीच, तुला विचारायला न येता. रात्री पाजतानाही त्याला अधूनमधून उठव. झोप अनावर असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नकोस. तिथे डोळा लागला तर बाळाचा श्वास कोंडण्याचा मोठा धोका असतो.

धपाट्याबद्दल मधल्याला जवळ घेऊन सांग, "मी मारायला नको होतं." अडीच वर्षांच्या मुलाला ते कळतं. पण रोज रडू येतं हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन भरून येतं. दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बाळाला पाजत असतानाही ते घेता येतात. याच आठवड्यात डॉक्टरांशी बोल. स्वतःला किंवा मुलांना इजा करण्याचा विचार मनात आला, तर आठवड्याचीही वाट पाहू नकोस, त्याच क्षणी घरच्यांना सांग आणि दवाखाना गाठ.

राहिलं मधल्यानं तोंड लावण्याचं. त्यात वावगं काही नाही. अंगावरचं सुटलेली बरीच मुलं ओढायचं विसरलेली असतात, चव बघतात आणि निघून जातात. चालत असेल तर बाळाचं झाल्यावर त्याला एकदा बघू दे. नको वाटत असेल तर "हे बाळाचं, तुला मिठी" म्हणून कुशीत घे. दोन्ही चालतं, तुला जे सोसेल ते कर.