बोटं चावणारं फेरेट

प्रश्न : मुलानं मुंबईहून ३ महिन्यांचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी) आणलंय. खेळताना कडकडून चावतं. सासूबाई म्हणतात, ‘मुंगूसच ते, एक फटका द्या.’ काय करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, फटका मुळीच नको. मार खाल्लेलं फेरेट हाताला भ्यायला लागतं, आणि भ्यालं की आणखी जोरात चावतं. पिल्लं आपसात दातांनीच खेळतात. भावंडांची कातडी जाड, आपली नाही, एवढंच.

आमची फेरेट चिंगी अंगठ्याला लटकायची. हात हिसकला की तिला तो खेळच वाटे. मग मी मानेमागची सैल कातडी धरून, ढुंगणाखाली दुसरा हात देऊन तिला उचलायचो. तशी धरली की ती चक्क जांभई द्यायची, अंगठा आपोआप सुटायचा! मग २-३ मिनिटं पिंजऱ्यात एकटी, आणि पुन्हा खेळ. महिनाभर रोज हेच. एकदा मात्र बांगडे साफ करून तसाच तिला घ्यायला गेलो. तो चावा माझ्याच चुकीचा.

झोपलेलं असेल तर उठवू नका. दिवसाचे १४ तास तरी ते झोपतंच. सासूबाईंना सांगा, मुंगूस वेगळं. ते पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आणि एप्रिल-मे सांभाळा. फेरेटला घाम गाळून गार होता येत नाही, ३० अंशांच्या वर जीवावर बेततं. नुसता पंखा पुरत नाही. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्यात ठेवायचो, चिंगी तिला बिलगून झोपायची.